आकडा लहान करा, मौलाना

मी पाच हजार चाळीस. नीट ऐका, ‘पाच हजार’ नव्हे, आणि ‘पाचएक हजार’ तर नव्हेच. मागचे चाळीस गिळून टाकायची तुम्हा माणसांची जी खोड आहे, तिचा मला मनस्वी तिटकारा आहे. आज मी रागातच बोलणार आहे. ज्यांना गोडगोड मनोगत ऐकायचं असेल त्यांनी एखाद्या छत्रीकडे किंवा फाटक्या पुस्तकाकडे जावं.

आधी माझी ओळख. एक ते दहा यांतला कुणीही वाटणी मागायला आला, तर मी त्याला रिकाम्या हाताने पाठवत नाही आणि वाटणीनंतर मागे काही उरूही देत नाही. मला आत यायला साठ दारं आहेत, म्हणजे साठ संख्यांनी मला पुरता भाग जातो. माझ्याहून लहान अशा एकाही संख्येला इतकी दारं नाहीत, हवं तर मोजून या. एकापासून सातापर्यंत सगळ्यांना एकमेकांशी गुणलंत तर मी येतो. सात, आठ, नऊ, दहा या चौघांनाच गुणलंत, तरी मीच येतो. माझा एका अंगाचा शेजारी पाच हजार एकोणचाळीस, तो कुणाला उंबऱ्याशी उभं करत नाही. एक आणि तो स्वतः, बस्स. दुसऱ्या अंगाचा पाच हजार एक्केचाळीस, त्याची सोयरीक एकट्या एकाहत्तरशी. असल्या दोन शिष्टांच्या मध्ये राहून मी माझा स्वभाव टिकवला. अकरा मात्र माझ्याकडून हात हलवत परत जातो, त्याला माझा इलाज नाही.

इतका देता हात असलेल्या आकड्याला माणसांनी डोक्यावर घ्यायला हवं होतं. पण माणसांच्या घरी मी जातो तो बहुधा मढ्यामागून. कुणी मेलं, मागे वारस राहिले, आणि कुणाला आठवा, कुणाला सहावा असे हिस्से एकमेकांत अडकले, की मला बोलावणं येतं. आणि मी उंबरा ओलांडला रे ओलांडला, की कुणीतरी म्हणतंच, हा फार मोठा आहे, याला जरा लहान करा.

हाज बदारीच्या घरी हेच झालं. हाज बदारी नजअ सुवैलिम या गावचा ऊसवाला. कालव्यापासून ते ऊस वाहणाऱ्या छोट्या गाडीच्या रुळापर्यंत त्याचं रान. तो गेला तेव्हा मागे त्याची म्हातारी आई बखीता, बायको नईमा, तीन मुलगे आणि एक मुलगी राहिली. मुलगे म्हणजे थोरला अब्दुस्सबूर, मधला खलफ आणि धाकटा दियाब. मुलगी रतीबा, नदीपलीकडे कूस गावी दिलेली; तिचा नवरा फुआद तिथे तीनचाकी चालवतो.

बाप गेल्याबरोबर वाटणी काढणं तिथे लाजेचं समजतात. ‘कबरीवरची माती सुकू द्या,’ असं म्हणायचं आणि वर्षानुवर्षं रान एकत्र ठेवायचं. म्हणजे ऊस थोरल्याने कारखान्याला घालायचा आणि इतरांनी मातीकडे बघत बसायचं. ही लाज फार सोयीची असते.

माती सुकायच्या आत दियाब गेला. पाण्याच्या पंपाची तार ओल्या सरीत पडली होती, ती त्याला दिसली नाही. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, मूलबाळ नव्हतं. त्याची विधवा सनिया माहेरी गेली आणि तिचा बाप तिचा वाटा मागायला अब्दुस्सबूरच्या बैठकीत येऊन बसला. उठेचना. तेव्हा कुठे दियाबच्या चाळिसाव्या दिवशी शेख हसनैनना बोलावलं.

शेख हसनैन मृतांचे वाटे काढतात. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली, खिशात खडू. एकाच जमिनीवर दोन मरणं साचली की ते ‘खिडकी’ आखतात. त्यांच्या विद्येत तिला खिडकीच म्हणतात. आडव्या ओळींत माणसं, उभ्या ओळींत मरणं, आणि डोक्यावर तो आकडा ज्याच्यात सगळ्यांचे वाटे तुकडा न पडता बसतात. बैठकीच्या निळ्या दारावरच त्यांनी ती आखायला घेतली.

पहिलं मरण हाज बदारीचं. शेखनी चोवीस घेतले. बायकोला आठवा म्हणून तीन गेले, आईला सहावा म्हणून चार गेले, उरले सतरा, ते लेकरांचे. मुलाचे दोन तर मुलीचा एक. तीन मुलांचे सहा आणि रतीबाचा एक, असे सात. सतराचे सात सारखे भाग होईनात, म्हणून शेखनी सगळ्यालाच साताने गुणलं. मग दुसरं मरण दियाबचं. विधवेला पाव, आईला सहावा, उरलेलं भावंडांचं. दोन भावांचे चार आणि रतीबाचा एक, असे पाच. पाव आणि सहावा तुकडा न पडता बसावेत म्हणून सहाने गुणलं, तरी पाचावर गाडी अडली. त्यालाही आत घेतलं, आणि खिडकीच्या माथ्यावर माझं नाव उमटलं.

रतीबा चहाचे पेले घेऊन आली होती. दाराकडे बघून म्हणाली, “केवढा मोठा आकडा हा, मौलाना.”

“तुझ्यामुळे झाला, पोरी,” शेख म्हणाले. “तू नसतीस तर भाऊ सारख्या वाट्यांनी बसले असते, सातावर-पाचावर काही अडलंच नसतं. हा सात तुझा, बापाकडून आलेला. आणि हा पाच तुझा, दियाबकडून.”

“आणि मला काय येतं?”

“पाच हजार चाळीसातले सहाशे एकोणतीस. त्यातले एकशे एकोणीस दियाबचे.”

ती पेले हातात धरून उभीच राहिली. दियाबला तिने कडेवर वाढवला होता. आई नईमा रानात असायची. त्याच्या अंगातले कपडे सनियाकडे गेले, मोबाईल खलफकडे गेला, बहिणीला काही द्यायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. आता दारावर खडूने लिहिलं होतं की दियाबच्या मागे राहिलेल्यांत तीही आहे.

भावाचे दोन आणि बहिणीचा एक, यावर मी तोंड उघडत नाही. ते माझ्या आधी ठरलेलं आहे आणि मी आकडा आहे, काझी नव्हे. पण तो एक तरी? दोनादोनांच्या गर्दीत तो एकटा एक उभा राहिला, म्हणून मला पाच मिळाला आणि सात मिळाला. माझ्या साठ दारांतली बहुतेक त्या दोघांच्या जिवावर आहेत. रतीबाला पुसलंत तर पंधरा राहतात.

अब्दुस्सबूर दाराशी आला. बघितलं, कपाळाला आठ्या घातल्या.

“आकडा लहान करा, मौलाना. जमीन चोवीस भागांत, किरातांत मोजतात. चोविसात बसवा.”

अरे शहाण्या, मला चोविसाने भागून तर बघ. दोनशे दहा येतात, वर काही उरत नाही. पण भागायला वेळ कुणाला आहे?

“याहून लहान होत नाही,” शेख म्हणाले.

“होईल. रतीबा रदवा घेणार आहे.”

रदवा म्हणजे राजीखुशीचं देणं. जमीन परक्या गावच्या जावयाच्या घरात जाऊ नये म्हणून भाऊ बहिणीला काहीतरी देतात आणि बहीण हक्क सोडते. राजी असते की नाही हे विचारायची पद्धत नाही. देण्याच्या नावातच राजी आहे, तेवढं पुरतं.

“घेईना का,” शेख म्हणाले. “पण आधी तिला धरायचं आणि मग वजा करायचं. सहाशे एकोणतीस गेले की राहतात चार हजार चारशे अकरा. तेवढे तुम्ही सगळ्यांनी आपापल्या वाट्याच्या मानाने घ्यायचे. आजीनं, आईनं, सगळ्यांनी.”

चार हजार चारशे अकराला मी ओळखतो. अकरा आणि चारशे एक सोडले तर तिथे कुणाची डाळ शिजत नाही. अब्दुस्सबूरने तो आकडा दोनदा म्हणून बघितला, दोन्ही वेळा अडखळला.

“असला राक्षस कोण वाटत बसणार? तिला जायचंच आहे तर धरायची कशाला? समजा की नाहीच.”

इथे शेखनी ‘असं चालत नाही’ म्हणायला हवं होतं. त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या विद्येच्या पहिल्या वर्षात हे शिकवतात, की जाणाऱ्याला आधी मोजा, नाहीतर मागे राहणाऱ्यांचेही वाटे बिघडतात. पण चहा गोड होता, अब्दुस्सबूर मोठा माणूस होता, आणि शेखना घरी जायचं होतं. ते पेला संपवून उठले. अडाण्यावर मी रागावत नाही. ज्याला माहीत आहे आणि जो घोट घेत गप्प राहतो, त्याच्यावर माझा खरा राग आहे.

शेख गेले आणि अब्दुस्सबूरने गलाबियाच्या, त्या पायघोळ झग्याच्या, बाहीने मला दारावरून पुसून काढलं.

मग खलफने मोबाईल काढला. हल्ली वाटे काढायची सोय त्यातही असते. मेलेल्याची आई, आहे. बायको, आहे. मुलगे, तीन. मुली. खलफचा अंगठा जरा थांबला. अब्दुस्सबूर म्हणाला, “शून्य घाल.” खलफने घातलं. पुढे दियाबच्या वेळीही बहिणी शून्य. क्षणात उत्तर आलं, एक हजार सातशे अठ्ठावीस.

त्याच्याशी माझं वैर नाही. बाराची बारापट आणि तिचीही बारापट, असा तो घडीव चौकोनी गडी आहे. जिथे त्याला खरोखर बोलावलंय तिथे त्याने खुशाल बसावं. पण पाच आणि सात त्याच्या गावीही नाहीत. ते भाऊ चोर असते तर मी इतका भडकलो नसतो. चोराला निदान माहीत असतं की वस्तू होती आणि ती दुसऱ्याची होती. यांनी बहीण जन्मलीच नव्हती असं ठरवलं, आणि वर त्याच बहिणीच्या हातचा चहा प्यायले.

रदव्याचा दिवस ठरला. अंगणात चटया घातल्या. उन्हात फुगवलेल्या भाकरी, भाजलेली बदकं, मधोमध काकवीचं भांडं. खुंट्याला म्हशीची एक पारडी बांधली होती आणि रुमालात सोन्याची कर्णफुलं, दोन्ही रतीबासाठी. चार शेजारी साक्षीला. सनियाचा बाप कोपऱ्यात मान ताठ करून बसलेला. शेख हसनैन आले ते कुणाच्या नजरेला नजर न देता.

रतीबा आणि फुआद कूसहून आले. रतीबा बसली नाही तोच बखीताआजीने तिला जवळ ओढलं. आजीला कमी ऐकू येतं, म्हणून तिची कुजबूज अख्ख्या अंगणाला ऐकू जाते.

“हे बघ बाई, जमीन काय तुझ्याशी बोलायला येते? भाऊ येतात. ईदेला तुझ्या दारी मांस घेऊन कोण येणार, ती उसाची सरी? माहेर तोडू नकोस. मी नाही सोडलं? चार भावांना सोडलं. कर्णफुलं घेतली आणि गप बसले. मरेपर्यंत येत होते बिचारे.”

“आणि तुला काय वाटत होतं, आजी?”

“मला कोण विचारतंय काय वाटतं ते. अंगठा टेक.”

तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि वर एक पारडी. नईमा, तिची सख्खी आई, भाकरीचे तुकडे करत राहिली. एका पोरीने दोन मुलांना दुखवावं असं कुठल्या आईला वाटतं? हेच वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय की मला त्याचा वीट आलाय. दोन मुलांनी एका मुलीला दुखवावं असं तरी कुठल्या आईला वाटतं, हे कुणी म्हणत नाही.

रतीबा राजी झाली होती, हे मी लपवत नाही. भांडायला आली नव्हती ती. पुढे केलेल्या शाईत तिचा अंगठा बुडलाही होता. मग ती म्हणाली, “मौलाना, टेकते मी. पण आधी सगळ्यांचे वाटे वाचून दाखवा. दियाबचं हे शेवटचंच काम आहे. कानावर पडू द्या.”

शेखनी खलफच्या मोबाईलवरून वाचलं. एकूण एक हजार सातशे अठ्ठावीस. आजीचे दोनशे अठ्ठ्याऐंशी. आईचे दोनशे चौऱ्याऐंशी. दोघा भावांचे प्रत्येकी पाचशे सत्तावीस. सनियाचे एकशे दोन. एवढं बोलून ते थांबले.

“आणि मी?”

“तू रदवा घेतेयस ना?” अब्दुस्सबूर म्हणाला.

“घेतेय की. पण सोडायला आधी माझ्याकडे असायला नको का, दादा?” आणि ती शेखकडे वळली. “त्या दिवशी दारावर माझा सात होता. तो कुठं गेला? आणि दियाबचा पाच?”

शेख चष्म्याचा दोरा घट्ट करू लागले.

“आकड्यात कुठं असेल तर सापडेल. सातानं भागा बघू.”

“काय पोरखेळ लावलायस,” खलफ म्हणाला.

“मग खेळा ना. तुझ्या हातात मोबाईल आहे.”

मोबाईल लागला नाही. शेखनी खिशातून खडू काढला आणि निळ्या दारावर, जिथे माझी पांढरी पुसट खूण अजून होती, तिथेच भागाकार मांडला. साताने भागलं, सहा उरले. पाचाने भागलं, तीन उरले. शेखनी चष्मा काढून हातात घेतला.

“हा आकडा या घरचा नाही,” ते म्हणाले. “ज्याला तीन मुलगे होते आणि मुलगी नव्हती, अशा कुणा बदारीचं हे घर आहे. असा बदारी या गावात नव्हता. मला त्या दिवशीच बोलायला हवं होतं.”

“काय फरक पडतो?” अब्दुस्सबूरचा आवाज चढला. “ती सोडून जाणारच आहे. आधी वजा केली काय, नंतर वजा केली काय.”

“फरक आहे. ती जे सोडते ते सगळ्यांसाठी सोडते. तू तिला धरलंच नाहीस, त्यामुळे तिचं बहुतेक सगळं तुम्हा दोघांच्या पदरात पडलं. तुझ्या आजीला त्यातला दाणा नाही. तिचा सहावा होता तो सहावाच राहिला.”

“काय म्हणतोय तो?” आजीने विचारलं. “माझं काय?”

शेख तिच्या कानाशी वाकले. “रतीबाने सोडलेल्या वाट्यातलं तुलाही यायचं होतं, बाई. ते नातवांनी ठेवून घेतलं.”

म्हातारीने काठी उचलली आणि चटईवर आपटली. काकवीचं भांडं कलंडलं.

“माझ्या तोंडून तिला सोडायला लावलंत, आणि त्यातलं माझंही खाल्लंत?”

साक्षीदार मिशीत हसले. मी हसलो नाही. नातीचं जात होतं तेव्हा या बाईच्या डोळ्याला पाणी नव्हतं, आणि स्वतःचं गेलं म्हटल्यावर तिला आभाळ फाटल्यासारखं झालं. माणसं अशीच असतात. दुसऱ्याच्या पायातला काटा त्यांना दिसतो, टोचत नाही.

अब्दुस्सबूर घाम पुसत म्हणाला, “बरं. तो चार हजारांचा राक्षस घ्या. तिला धरा, वजा करा, आजीचं आजीला द्या. पण आज उरका.”

रतीबाने शाईचा अंगठा ओढणीला पुसला.

“आता नको.”

“काय नको?”

“पारडी नको, कर्णफुलं नको. तुम्ही मला धरून वजा केलं असतंत तर मी गेले असते, दादा. घरून निघताना मी फुआदला तेच सांगून आले होते. पण तुम्ही मला धरलंच नाही. दियाबची बहीण म्हणूनसुद्धा नाही. आता मोजा मला.”

“आज या दारातून अशी गेलीस, तर पुन्हा पाऊल टाकायचं नाही.”

“घरही त्याच आकड्यात मोजलंय,” रतीबा म्हणाली. “त्या दारातलंही थोडं माझंच आहे.”

तरीही अब्दुस्सबूर बधला नसता. पण कोपऱ्यातून सनियाचा बाप उठला. इतका वेळ तो ऐकत होता आणि त्याला भीती होती स्वतःच्या लेकीची. जे बहिणीला शून्य करतात ते भावजयीला किती दिवस ठेवणार? त्याने सांगितलं, खोट्या खिडकीवर मी सही करणार नाही, आणि माझ्या सहीवाचून तुमची वाटणी पुरी होत नाही. मग कोर्टात भेटू. कोर्ट म्हटल्यावर खलफने थोरल्याची बाही ओढली.

शेखनी दुसऱ्यांदा खिडकी आखली. दारावर मी पुन्हा बसलो. आजीचे आठशे चाळीस, आईचे आठशे, भावांचे प्रत्येकी एक हजार दोनशे अठ्ठावन्न, सनियाचे दोनशे पंचावन्न, रतीबाचे सहाशे एकोणतीस. बेरीज करून बघा. एकही उरत नाही, एकही कमी पडत नाही. कालव्याकाठची पट्टी रतीबाला आली. ती जमीन तिने खंडाने सनियाच्या बापाला कसायला दिली आहे.

मी जिंकलो असं कुणी समजू नये. ईद आली. रतीबाने सकाळीच अंगण झाडलं, चहाचं आधण ठेवलं, नवा पेला धुऊन ठेवला. कूसमधल्या शेजारणींचे भाऊ आले, मांसाच्या पिशव्या आल्या, पोरांच्या हातावर नव्या नोटा पडल्या. तिच्या दारी कुणी आलं नाही. दुपारी फुआद म्हणाला, “आधण आटलं गं,” तेव्हा तिने शेगडी बंद केली आणि मोरीत जाऊन रडली. मी कुणालाही वाटून देऊ शकतो, पण भाऊ वाटून द्यायची सोय माझ्यात नाही. तो दोष माझा नव्हे. जमीन हवी की माहेर, हा हिशोब ज्यांनी मांडला त्यांचा तो दोष आहे, आणि त्या हिशोबाचं उत्तर मी देणार नाही.

ईद सरल्यावर बखीताआजी फुआदच्या तीनचाकीतून शेख हसनैनच्या दारी उतरली. रतीबा सोबत होती. शेखना वाटलं म्हातारी पुन्हा आपल्या वाट्याचं भांडायला आली.

“मौलाना,” ती म्हणाली, “माझ्या बापाच्या घरी कोणता आकडा होता?”

शेखनी तिच्याकडे पाहिलं. “किती वर्षं झाली?”

“भाऊ चारही मेले. तू सांग.”

“आई होती तेव्हा?”

“होती. चार भाऊ आणि मी.”

शेखना खडू लागला नाही. “बहात्तर,” ते म्हणाले. “त्यातले सात तुझे.”

“आणि त्यांनी कितीत वाटलं असेल?”

“तुला धरलं नसेल तर बत्तीस.”

बहात्तर माझ्या घरचा आहे, माझ्या साठांतला. बत्तीस माझ्या एकाही दारातून आत येत नाही. म्हातारीचे ओठ हलत होते. सात, सात, असं म्हणत होती. आयुष्यभर सहाव्या-आठव्याची चर्चा ऐकत आलेल्या त्या बाईला, आपल्या नावाचाही कधी एक आकडा होता, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

तिचं तोंड काय बंद राहतंय? भाकरीच्या भट्टीवर बायका जमतात तिथे ती गोष्ट गेली. तेव्हापासून शेखच्या दारी म्हाताऱ्या येतात. कुणाचे भाऊ मेले, कुणाची जमीन विकून झाली, कुणाच्या रानावर शाळा उभी आहे. कुणाला काही मिळायचं नाही आणि हे त्यांना ठाऊक आहे. त्या फक्त म्हणतात, “मौलाना, माझा आकडा सांगा.” शेख सांगतात. एखादी पुन्हा पुन्हा विचारते. गावातले पुरुष चिडतात, म्हणतात शेखनी बायकांना नादाला लावलं. लावू दे. एकदा गप्प बसलेल्या माणसाला तेवढं तरी करू दे.

माझं सध्या कसं चाललंय म्हणाल, तर त्या निळ्या दारावर अब्दुस्सबूरने हिरवा रंग दिला आहे. रंगाखाली मी आहे. आणि अशी किती दारं आहेत, किती घरांत मला बाहीने पुसून तिथे एखादा सुबक, लहानसा, सोयीचा आकडा बसवला आहे, ते मला विचारू नका, कारण मग मी थांबणार नाही. तुमच्या घरचा आकडा कोणता होता? त्याला पाचाने, साताने, तुमच्या बहिणी-आत्यांच्या आकड्याने भागून पाहिलंत का कधी? एवढं एक करा. मला लहान करायला सांगायच्या आधी, मी कुणामुळे मोठा झालो ते विचारा.

जाता जाता बहात्तरने मला सांगितलेलं तुम्हाला सांगतो. परवा बखीताआजी तीनचाकीतून तिच्या माहेरच्या रानात गेली. रतीबाने किती समजावलं, ऐकेना. बांधावर बसली. दात राहिले नाहीत, तरी हाताशी येईल तो ऊस वाकवून तिने कडाकड मोडला. भावाचा नातू, चांगला दाढीवाला बाप्या, पलीकडून ओरडत आला, “ए आजी, कुणाला विचारून तोडतेस?”

म्हातारीने ऊस मांडीवर आडवा घेतला. वरचं पाचट सोलत, मान वर न करता म्हणाली, “माझ्या सातातला आहे.”